ढाण्याची शीळ

ओठ फुटले तरी धुळाप्पाची शीळ काही पिल्लाच्या कानात शिरेना. ढाण्या कुत्र्याला बांधाशी पुरून अकरा दिवस झाले होते. रोज पहाटे धुळाप्पा पिल्लाला मेंढरांपासून लांब, ओढ्यापलीकडं नेऊन, ज्या शिळेवर ढाण्या मेंढरं वळवून आणायचा ती शीळ शिकवायचा, मग दिवसभर स्वतःच कुत्रं होऊन मेंढरांमागं धावायचा.

आज दुपारी मेंढरं शेजाऱ्याच्या हरभऱ्याकडं वळली.

"अवं, आडवं जावा की!" बायको ओरडली.

"पायांत जीव हाय का माझ्या?" धुळाप्पानं बसल्या जागीच तोंडात बोटं घालून शीळ घातली. पिल्लू आपली शेपटी पकडत गरगरत राहिलं.

मेंढरं मात्र थबकली. एकमेकांना खेटून गोळा झाली आणि माना वर करून ढाण्याची वाट बघत उभी राहिली.

"न्हाई यायचा आता त्यो," त्यांना सांगत धुळाप्पा काठी टेकून उठला.