अडलेला नेम

हिंदुरावची पाचवी गोळीही निशाण सोडून मातीत घुसली. पलटणीतला पहिला नेमबाज तो, पण आज त्याचं लक्षच नव्हतं.

"घरी काय बिनसलंय?" नेमबाजी शिकवणाऱ्या उस्तादांनी बाजूला घेऊन विचारलं.

"म्हस अडलीया कालपासनं. बायको एकटीच हाय. रेडी होऊंदे न्हाईतर रेडा, पण म्हस वाचली पायजे."

उस्ताद स्वतःच त्याच्या घरी फोन करून आले, ते लांबूनच ओरडत, "रेडीऽऽ!"

सगळ्या जवानांनी झटक्यात बंदुका खांद्याला लावल्या. हिंदुरावनं मात्र हातातली खाली ठेवली. "आन् म्हस?"

"उभी ऱ्हाऊन लेकीला चाटतीया! आता तरी नेम धर."

पुढची गोळी मधोमध बसली.

तेव्हापासून बंदूक हाती देण्याआधी उस्ताद प्रत्येकाला विचारतात, "म्हस बरी हाय न्हवं?" ज्यांच्याकडं म्हैस नाही, त्यांनाही.