पाठीवरचा हात

कालव्याच्या बांधावर वारा थेट तोंडावर येत होता. तंबूचं बोचकं फेनाच्या सायकलवर होतं आणि तिचा नवरा राइंडर पुढे आपल्या सायकलवर मजेत चालला होता.

त्याचा उजवा हात मात्र बाजूला पसरलेला होता. तळवा रिकाम्या हवेवर टेकलेला.

तो हात फेनाच्या चांगला ओळखीचा होता. लग्नाआधी वारा समोरून आला की राइंडर शेजारून सायकल चालवत असाच तिच्या पाठीला हात लावून तिला ढकलायचा. लग्नानंतर एकदाही नाही.

"कोणाला ढकलतोयस रे?" ती ओरडली.

"हात अवघडलाय," तो मागे न बघता म्हणाला. "तू ये आपली सावकाश."

पुलाचा चढ लागला तसा अवघडलेला हात चांगला जोर लावू लागला. चढ संपल्यावर त्याने हवेला हलकेच थोपटलंसुद्धा. फेनाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मग रात्रीही तिच्याबरोबरच झोप, तंबूबाहेर!" असं म्हणत तिने दातओठ खाऊन पायडल मारले आणि सायकल थेट त्या रिकाम्या जागेत घुसवली.

तळवा तिच्या पाठीवर आला. उबदार, भक्कम. बोचक्यासकट सायकल हलकी होऊन धावू लागली. कशी जिरवली, या आनंदात फेनाने वळून नवऱ्याकडे पाहिलं.

त्याचे दोन्ही हात हँडलवर होते. लालबुंद चेहऱ्याने तो तिच्या पाठीमागे बघत होता.

"फेना, हा कोण गं?"