दुसऱ्याचा हात

काल चुकलेली भुवई आज जुळली होती.

तिने आपल्या कॅनव्हासकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या दोनशे वर्षांपूर्वीच्या म्हातारीकडे. काल संध्याकाळी तिने काढलेली भुवई मूळ चित्रापेक्षा केसभर वर गेली होती, आणि नीट करायची राहून गेली होती. आज दोन्हीकडे सारखीच.

परवा नाकाचंही असंच झालं होतं.

संग्रहालयाच्या चित्रशाळेचा नियम साधा होता. दोरीच्या अलीकडे बसून जुन्या तैलचित्राची नक्कल करायची. परीक्षक दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघणार. कॅनव्हासवर दुसऱ्याचा हात फिरलेला दिसला, तर विद्यार्थी कायमचा बाहेर. आणि हिचे शिक्षक म्हणजे सख्खे मामा. जुनी चित्रं दुरुस्त करणारेही तेच, दालनाची किल्लीही त्यांच्याकडेच. ही दोनदा नापास झालेली. लोक काय म्हणतील ते म्हणोत, आता तिच्याच मनात पाल चुकचुकली होती.

"मामा, तुम्ही माझ्या चित्राला हात लावता का?"

"वेडी आहेस का? तुझ्या आईची शपथ, बोटसुद्धा लावलं नाही." मामा बाहीवरचा तांबडा डाग चोळत होते. "तू मन लावून काढ. या वेळी तू नापास होत नाहीस."

"कशावरून?"

"ताईला शब्द दिलाय. नाहीतर ती मला घरात घेईल का?"

तिचा विश्वास बसला नाही. मामांचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

परीक्षा परवावर आली. त्या संध्याकाळी तिने मुद्दाम ओठ चुकवले. म्हातारीचे ओठ घट्ट मिटलेले. पोटच्या पोरीच्या लग्नातही हसली नसेल अशी बाई. हिने कोपरे वर वळवून तिला चक्क हसवलं. मामा रोजच्यासारखे मागून चित्र बघून गेल्यावर तिने कॅनव्हासवर कापड टाकून गाठ मारली आणि गाठीत आपला एक केस अडकवला.

सकाळी गाठ तशीच होती. केसही जागच्या जागी. तिचा जीव भांड्यात पडला. मामांवर उगाच आळ घेतला म्हणून लाजही वाटली.

तिने कापड काढलं. ओठ हसरेच होते, काल काढले होते तसेच. ते दुरुस्त करायला तिने ब्रश उचलला आणि मूळ चित्राकडे पाहिलं.

ब्रश हातातच राहिला. दोरी ओलांडून ती भिंतीपाशी गेली आणि म्हातारीच्या हसऱ्या ओठांवर हळूच बोट टेकवलं.

बोट तांबडं झालं.