पठारावरची रास

"काकू, उठा आता. दगडांच्या राशीपायी जीव देताय होय?" मुकादम वैतागला होता. त्याच्यामागे जेसीबी घरघरत उभा होता. पठारावरची ही रास आजच्या आज फोडून तिची खडी करायची होती.

सगुणाकाकू राशीला पाठ टेकून बसून राहिल्या. "नुसती रास नव्हे, थडगं आहे ते. हजारो वर्षांपूर्वीचं, असं कॉलेजची माणसं सांगून गेलीत."

"तुमच्या नात्यातलं कुणी आहे का आत?"

"त्याच्या घरचं कुणी उरलं नाही, म्हणून तर मी बसलेय," त्या हळूच म्हणाल्या. वाडीतली माणसं पठारावर आली, की राशीवर एकेक दगड ठेवीत. काकूंचा तर नेमच होता, रोज दगड ठेवायचा आणि मगच अन्नाला शिवायचं. आजचा दगड मात्र त्यांनी मांडीवरच धरला होता. "तुम्ही माघारी गेलात की ठेवीन. तोवर उपास."

"भूक लागली की उठेल म्हातारी," मुकादम म्हणाला आणि ड्रायव्हर, मजूर सगळेच डबे उघडून बसले. पण समोर उपाशी बाई. घास कुणाच्याच घशाखाली उतरेना.

"जेवा रे बाबांनो, मला सवय आहे," काकूंनी आग्रह केला.

ड्रायव्हरने डब्याला झाकण लावलं, जेसीबी वळवला आणि तो उताराला लागला. मुकादम त्याच्यामागे धावता धावता ओरडला, "उद्या येतो! बघतोच किती दम आहे ते!"

"या की," काकू म्हणाल्या. "उद्या एकादशीच आहे."