आवाज कुठं अडला

काँप्युटरच्या पडद्यावर गाण्याची रेघ सरळ पुढं सरकत होती, पण स्पीकरातून आवाज म्हणून येत नव्हता.

"अगं बाई, परवापर्यंत तर खणखणीत वाजत होता!" हज करून आल्यापासून साऱ्या गल्लीची हज्जा झालेल्या इन्साफनं कीबोर्डावर बोट आपटलं. काही नाही. पुन्हा आपटलं.

नदीकाठच्या दसूक गावच्या उरुसाचा दिवस. असरची, दिवस कलतानाची नमाज आटोपून माणसं गल्लीतल्या चटयांवर येऊन बसत होती. इन्साफच्या घराचं दार सताड उघडं. घराघरांतून चहाचे पेले येत होते, मुंग्यांसारखी पोरं मधून पळत होती, आणि सगळ्यांना एकच ऐकायचं होतं: शेख तोहामींनी गायलेली मदीह, पैगंबरांच्या स्तुतीची कवनं. त्यांनी पहिली ओळ उचलली की बसल्या जागी अंगावर काटा यायचा. आख्ख्या नदीकाठाला ठाऊक असलेला आवाज तो.

शेख तोहामी म्हणजे इन्साफचेच यजमान. आतल्या खोलीत कोचावर जपमाळ घेऊन बसले होते. एका उरुसात, भर रंगात, वरच्या पट्टीत त्यांचा आवाज चिरला होता. कुणी हसलं नाही. गल्ली मायाळू. "मौलाना, आता गळ्याला विसावा द्या," एवढंच म्हणाली. जावयानं बुरसटायला लागलेल्या कॅसेटींवरचं गाणं काँप्युटरात उतरवून दिलं, कॅसेटी टाकून दिल्या, आणि तेव्हापासून बैठक कुठलीही असो, गायचा काँप्युटर. शेख ऐकायचे. मदीह गाणाऱ्यानं आपणहून तोंड उघडायचं नाही, श्रोत्यानं हाक घातली तरच गायचं, अशी त्यांच्याकडची रीत. आता हाक कोण घालणार? गाणं तर काँप्युटरच्या पेटीत तयार होतं.

आणि आज पेटी मुकी.

इन्साफनं काँप्युटर बंद करून चालू केला. आवाजाची खूण टोकापर्यंत सरकवली. शेजारची सनिय्या म्हणाली, "थाप मार स्पीकरला. आमचा टीव्ही थापेवरच चालतो."

"तुझा नवराही थापेवरच चालतो. बाजूला हो!"

तेवढ्यात मोबाइलची कव्हरं विकणारा खमीस आत घुसला. गल्लीतलं कुठलंही यंत्र रुसलं की आपल्यालाच बोलावणं येणार, अशी त्याची खात्री. त्यानं दोन बटणं दाबली, मान हलवली आणि डॉक्टरच्या थाटात सांगितलं, "फॉरमॅट मारावा लागणार, हज्जा."

"म्हणजे काय करणार?"

"आतलं सगळं पुसायचं, नव्यानं भरायचं. पेटी कशी न्हाऊन-माखून बसल्यासारखी होते!"

"सगळं? आणि शेखांचं गाणं?"

"ते जाईल. पण मशीन तर वाचेल ना!"

"हात लावून बघ. बोटं मोडून तुझ्याच खिशात घालीन!"

"राहू दे गं," कोचावरून शेख हळूच म्हणाले. "एक दिवस नाही वाजलं तर काय होतंय?"

"तुम्ही गप्प बसा हो! माणसं तुमचा आवाज ऐकायला आलीत!"

शेखांनी जपमाळेचा पुढचा मणी ओढला.

बाहेर चुळबूळ वाढली. "हज्जा, येतंय का गाणं?" "नाहीतर मी मोबाइलवर दुसऱ्या कुणाचं लावतो!" दुसऱ्या कुणाचं! तोहामींच्या दारात! इन्साफची कानशिलं तापली. खमीसनं एव्हाना फॉरमॅटची सीडी काँप्युटरात सारली होती. "हो म्हणू का, हज्जा? एक बटण दाबायचं फक्त."

"थांब!"

लेक फोनवर नेहमी सांगायची, आई, काही बिघडलं तर आधी वायरी बघ, मग माणसं बोलाव. ते तिला आज आत्ता कुठं आठवलं. या घरात फ्रिजच्या मुठीपासून रिमोटपर्यंत सगळं नायलॉनच्या पिशवीत. काँप्युटरचं खोकंही धुळीपायी तसंच गुंडाळून भिंतीला चिकटवलेलं, त्याच्या पाठीमागे बघतो कोण? तिनं टेबल खसकन ओढलं, पदर खोचावा तशी झग्याची टोकं आवरली आणि गुडघ्यांवर बसून खाली शिरली. नायलॉन वर केलं.

पाठीमागे तीन भोकं होती. हिरवं, गुलाबी, निळं. जावयानं बजावलं होतं: हिरव्यातून यंत्राचा आवाज बाहेर येतो, गुलाबीत माइक लागतो, माणसाच्या आवाजासाठी. स्पीकरची पिन गुलाबीत होती.

"सापडलं!" ती ओरडणार होती. तोंड उघडलंही. मग थबकली.

पिन निसटून पडते. एका भोकातून निघून शेजारच्या भोकात जाऊन बसत नाही. नायलॉनखालूनही शिरलेली वाळवंटी वाऱ्याची जाड पिवळी धूळ पाठीवर साचली होती, आणि फक्त हिरव्या नि गुलाबी भोकांभोवती ती बोटांनी पुसलेली होती. नुकतीच. सकाळी ती बदक आणायला बाजारात गेली, तेव्हा घरात एकच माणूस होतं.

टेबलाखालूनच तिनं कोचाकडं पाहिलं. शेखांचं पडद्याकडं लक्षही नव्हतं. ते दाराकडं बघत होते, चटयांवरच्या माणसांकडं. पाठ ताठ केली होती. हनुवटी वर. कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू ते घसा साफ करत होते, मंचावर चढण्याआधी करायचे तसा.

आणि सगळी गल्ली पेटीभोवती धावत होती. तीसुद्धा.

"काय झालं, हज्जा? सापडलं का काही?" खमीस वाकून विचारत होता.

इन्साफनं पिनेला हात लावला नाही. नायलॉन खाली ओढून नीट बसवलं, उठून गुडघे झटकले, "खोट्याची माफी असावी," असं वर बघून पुटपुटली, आणि उंबऱ्यावर जाऊन साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मशीन गेलं, बाबांनो! मदीह ऐकायची असेल, तर गाणारे आत कोचावर बसलेत. घाला त्यांना हाक!"