वळणावरची वाळू

"थांबा, थांबा, पुन्हा एकदा फिरवून बघू दे," असं म्हणत काकांनी जीपचं मागचं डावं चाक हातानं पुढे ढकललं. पलीकडे उजवं चाक आपसूक मागे फिरलं.

"अरेच्चा!"

आता त्यांनी डावं मागे ओढलं, तर उजवं पुढे आलं. जीप ठोकळ्यांवर चढवलेली होती, मागची दोन्ही चाकं अधांतरी. काकांचा सारा जन्म प्रवासी बस चालवण्यात गेला, पण आपल्या पाठीमागे ही असली गंमत चालते हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. बघणार तरी कसे? ते पुढे बसायचे.

"वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी," गॅरेजचा मिस्त्री समजावून सांगू लागला. "दोन चाकांच्या मधला हा डिफरन्शियल दोघांना आपापल्या चालीनं जाऊ देतो. पण चिखलात हाच दगा देतो. एक चाक घसरलं की ते नुसतं गरागरा फिरतं, आणि दुसरं ढिम्म."

"तेच तर!" काकांची मुलगी म्हणाली. ती जनावरांची डॉक्टर. रोज ही जीप घेऊन डोंगरावरच्या गोठ्यांना जायची. मागच्या आठवड्यात चढणीवर अशीच अडकली होती.

"आतले दाते वेल्ड केले की दोन्ही चाकं एकत्रच फिरणार," मिस्त्रीनं हात पुसले. "मग गाडी बकरीसारखी डोंगर चढेल. पण पक्क्या रस्त्यावर प्रत्येक वळणाला टायर ओरडणार, हिसका बसणार. आणि एकदा वेल्ड मारलं की मारलं. नंतर माझ्या नावानं बोंब मारायची नाही. बोला."

सगळ्यांच्या नजरा दाराशी खुर्चीत बसलेल्या काकूंकडे गेल्या. मणक्याच्या ऑपरेशनपासून त्यांच्या कमरेला पट्टा होता. काका रोज सकाळी याच जीपमधून त्यांना व्यायामाला दवाखान्यात न्यायचे, आणि मग मुलगी गाडी घेऊन डोंगराकडे निघायची. काकांच्या बसमध्ये पोटातलं पाणी हलत नाही, असं प्रवासी म्हणायचे. तो हात आता फक्त काकूंसाठी राखून ठेवलेला होता.

"माझ्याकडे काय बघताय सगळे?" काकू कडाडल्या. "मी काय काचेची बाहुली आहे? करून टाका ते वेल्डिंग."

"अगं, पण हिसके बसतील..."

"त्या दिवशी गाडी अडकली, पोरगी चिखल तुडवत वर गेली आणि पोचेपर्यंत गाय मेलेली. वासरू पोटातच. घरी येऊन न जेवता झोपली. तो हिसका मला जास्त लागलाय."

मुलगी दुसरीकडे बघू लागली. काकांनी मान हलवली खरी, पण नजर काकूंच्या पट्ट्यावरच होती. आजवर हिला आपल्या हातून कधी धक्का लागला नाही, आता रोज लागणार.

मिस्त्रीनं वाळूची लाल बादली जवळ ओढली. आतलं तेल कितीही पुसलं तरी ठिणगीचा भरवसा नसतो. काकांनी त्याच्याकडून काळी काच मागून घेतली आणि खाली वाकून सगळं बघितलं. इतका वेळ एकमेकांना वाट देणारे दाते उजेडात वितळून एकमेकांना चिकटत होते. सांधा निवल्यावर त्यांनी पुन्हा डावं चाक ढकललं. उजवंही मुकाट्यानं पुढे गेलं. त्यांनी ते बराच वेळ फिरवून पाहिलं, पण आता त्यात काही गंमत राहिली नव्हती.

तेल भरून झाल्यावर पहिली फेरी काकांनी एकट्यानं मारायची ठरली. फाटकाशी वळताच टायर किंचाळले आणि जीपनं खाडकन हिसका दिला. खुर्चीत बसल्या जागी काकूंचा हात पट्ट्याकडे गेला. काकांनी तो आरशात बघितला.

ते खाली उतरले. सिमेंटवर उमटलेला काळा ओरखडा बोटानं चाचपला.

"मिस्त्री, चिखलात वळताना टायर का नाही हो ओरडत?"

"तिथं जमीन मऊ असते, काका. चाक गुपचूप घसरतं. इथं घसरायला वाव नाही, म्हणून भांडतं."

"असं होय," काका म्हणाले आणि तडक आत जाऊन लाल बादली उचलून आले.

"अहो, ती आग विझवायला ठेवलीय!"

काकांनी ऐकलंच नाही. मागची चाकं जिथून जाणार होती तिथं ते ओणवे होऊन मुठीनं वाळू पसरत होते, पातळ, सारखी. मग जीप मागे घेऊन त्यांनी काकूंना अलगद वर बसवलं. मुलगी मागे बसली. काकूंनी डोळे गच्च मिटले, आणि काकांनी स्टिअरिंग फिरवलं.

खाली नुसतं खसखसलं. बाकी काही नाही.

"कधी वळणार?" काकूंनी डोळे न उघडताच विचारलं.

"वळलो की."

"इश्श! पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही हो."

काकांनी गाडी तिथंच थांबवली, उतरले आणि रिकामी बादली घेऊन परत आत आले. "मिस्त्री, बादलीभर वाळू अजून द्या. घरापर्यंत बरीच वळणं आहेत. आणि एक झाडू. मागून येणारा एखादा दुचाकीवाला घसरायला नको."

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला, पण बादली भरून दिली.

पहिल्या चौकाच्या अलीकडे जीप पुन्हा थांबली. काका बादली घेऊन उतरले. पाठोपाठ, कोणी काही न सांगता, डॉक्टरीणबाई झाडू घेऊन उतरल्या.