तारखेची जागा

"जिंकलो!" असं ओरडतच पॉला चर्चच्या तळघराच्या पायऱ्या उतरली. मागून तिचा शहरातला वकील डर्किन, कोट हातावर टाकून.

लांब टेबलाभोवती बसलेल्या बायकांनी पिठाच्या हातांनीच टाळ्या वाजवल्या. ईस्टरआधीचा उपवासाचा शुक्रवार. संध्याकाळी पिरोगी, म्हणजे पाण्यात उकडलेल्या करंज्या, विकायच्या होत्या आणि बटाट्याचं सारण अजून अर्धं पातेलं शिल्लक होतं. पॉलाची आई बर्निस काठी टेकत उठायला लागली. पॉलाने तिला खाली बसवलं, तिच्या गालाचा मुका घेतला आणि शेजारी बसून पिठाची एक चकती उचलली.

नोव्हेंबरात पॉला दोन मतांनी गावच्या कारभारी मंडळावर निवडून आली होती. टपालाने आलेली मतांची चार पाकिटं मात्र न उघडता बाजूला ठेवलेली. पाकिटावर सहीशेजारची तारीख चुकली म्हणून. हरलेला एडी कोस्को ती उघडा म्हणून कोर्टात गेला, पॉला उघडू नका म्हणून. सगळा हिवाळा त्यातच गेला.

"मग? नाही ना उघडणार?" स्टेलाने विचारलं.

"कायमची बंद," डर्किन म्हणाला. "दोघांनी तारीख लिहिलीच नव्हती. एकाने पुढच्या वर्षाची टाकली. आणि चौथा महाभाग तर..." त्याला हसू आवरेना. "सही केली तो दिवस लिहायचा, तर लिहिलंय सतरा जून एकोणीसशे एक्केचाळीस!"

"अगं बाई! पाळण्यातूनच मत दिलं की काय?" आयरीन म्हणाली.

तळघर हसण्याने भरून गेलं. बर्निसही हसली. मग ते हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं.

स्टेला हसता हसता थांबली आणि बर्निसकडे वळली. "सतरा जूनला तर आपण तुझा केक..."

"माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं," बर्निस हळूच म्हणाली. "म्हणून टपालाने पाठवलं. डॉक्टरकडे, औषधांच्या दुकानात, जिथे तिथे जन्मतारीखच विचारतात गं. तारखेची जागा दिसली, लिहून टाकली."

शेगडीवर पाणी उकळत होतं. बर्निसचे वडील खाणीतून येऊन, अंग घासून, लग्नातला कोट चढवून मत द्यायला जात. एकवीस वर्षांची झाल्यापासून तिनेही एक निवडणूक चुकवली नव्हती.

"जाऊ दे," शेवटी तीच म्हणाली. "माझ्या पॉलीला तरी कुठे माहीत होतं!"

"पाकिटावर नाव नसतं का हो, वकीलसाहेब?" आयरीनने विचारलं.

"असतं ना. नाव, पत्ता, सही, सगळं असतं. पॉलाने स्वतः चारही पाकिटं बघितली. मी विचारलंसुद्धा, ओळखीचं आहे का कोणी? तर ती नाही म्ह..."

त्याने बर्निसकडे पाहिलं, मग पॉलाकडे, आणि कोट दुसऱ्या हातावर घेतला.

पॉला मान खाली घालून चकतीत सारण भरत होती. फार भरलं. चकती फाटली.

"एडी दर हिवाळ्यात तुझ्या दारातला बर्फ काढतो," ती पुटपुटली. मग आणखी खालच्या आवाजात म्हणाली, "आई, खरं सांग. कोणाला दिलं होतंस मत?"

बर्निस तिच्याकडे बघत राहिली. रस्त्यात कोणी अनोळखी बाईने हात धरावा तशी.

मग तिने नवी चकती घेतली. सारण ठेवलं, कडेला पाण्याचं बोट फिरवलं आणि कड घट्ट मुरडून ती पिरोगी परातीत इतरांच्या मध्ये ठेवली. तिथे सगळ्या सारख्याच दिसत होत्या.